स्वस्तातली सॅन स्टॉर्म: घ्यावी की सोडावी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय ३६. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. गोव्यात म्हापशाजवळ एका घराच्या पडवीत २००१ सालची लाल सॅन स्टॉर्म उभी आहे. मूळ मालक वारले, आता त्यांचा पुतण्या विकतोय. दीड लाख सांगतो, सव्वापर्यंत येईल. गाडी सात-आठ वर्षं चालू केलेली नाही. आमच्या गॅरेजवाल्यानं फोटो बघून इंजिनाला साठ हजार, रंगाला सत्तर हजार, टायर-बॅटरीला तीस हजार असा अंदाज दिलाय. म्हणजे तीन लाखांत दारात स्पोर्ट्स कार! कॉलेजात असताना पणजीत पहिल्यांदा ही गाडी बघितली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आण्णा म्हणतात भंगार घेतोयस. बायको म्हणते, दोनच सीट, पोरगी कुठं बसणार? पोरगी सहा वर्षांची आहे. घेऊ का?"

– स. पा., वाळवा तालुका

स. पा.,

इंजिन, रंग, टायर राहू द्या बाजूला. आधी पुतण्याचं बघू. मूळ मालक वारले आणि पुतण्या विकतोय, या एका वाक्यात तुमच्या व्यवहाराचं निम्मं दुखणं आहे. आरसीवर अजून काकांचंच नाव असणार. वारलेल्या माणसाच्या नावावरची गाडी पुतण्याला परस्पर विकता येत नाही, चावी त्याच्या खिशात असली तरी. वारसानं आधी फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची आणि मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर करून द्यायची, असा रस्ता आहे. पण हा पुतण्या मुळात वारस आहे का? काकांच्या मागे मुलं असतील तर त्याचा नंबर लागतच नाही. त्यातून गोव्यात वारसाचा कायदा आपल्यासारखा नाही, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेच्या वळणाचा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता तिथे सामाईक धरतात, म्हणजे निम्मा हक्क काकूंचा. काकू हयात असतील आणि मुलं लिस्बनला किंवा दुबईला असतील, तर सह्या गोळा करत कोण फिरणार? तुम्ही फोनवर विचारलंत की पुतण्या म्हणेल, एजंट सगळं करून देतो. त्याला सांगा, करून दे आणि मग पैसे घे.

यात आणखी एक गाठ आहे आणि ती नीट समजून घ्या. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २००१ ची गाडी म्हणजे ती २०१६ मध्ये संपली. तेव्हा पाच वर्षांसाठी वाढवली असेल तरी २०२१ मध्ये पुन्हा संपली, आणि गाडी तर सात-आठ वर्षं बंद आहे. नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो आणि गाडी तपासणीला आरटीओत उभी करावी लागते, चालती. म्हणजे चालती केल्याशिवाय कागद नाही, कागद नाही तर गाडी तुमची नाही, आणि चालती करायला पैसे तुमचे. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत दोन लाख ओतून बसायची वेळ येते ती अशी. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं दहा हजार केलंय. उशिराबद्दल महिन्याला पाचशेचा दंड नियमात आहेच, तुमच्या गाडीला तो किती महिन्यांचा बसेल हे तिथल्या काउंटरवरच कळेल. शिवाय जीए, म्हणजे गोवा पासिंगची गाडी आपल्याकडे आणायची म्हणजे फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओची एनओसी, मग इथली नोंदणी, इथला टॅक्स. आधी गोव्यात नूतनीकरण आणि मग एनओसी, की उलट, हे दोन्हीकडच्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा. एजंटाचं उत्तर त्याच्या सोयीचं असतं.

हे काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही, हेही धरा. म्हापसा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर असा सगळा प्रवास ती ट्रकच्या पाठीवर करणार. ते भाडं तुमच्या तीन लाखांत नाही.

'व्हिंटेज'मध्ये नोंदवू असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्या वर्गात यायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात. तुमची स्टॉर्म तिथे २०५१ मध्ये पोचेल.

आता गाडीबद्दल. तुमची ओढ मला कळते. १९९८ च्या सुमारास बंगळूरच्या सॅन मोटर्सनं ही खुली, दोन आसनांची गाडी आणली तेव्हा आपल्या रस्त्यांवर तसं दुसरं काही नव्हतं. आकार फ्रेंच डिझायनरांनी दिलेला, बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं डी७एफ, ११४९ सीसी, साठेक हॉर्सपॉवर. आज साठ हॉर्सपॉवरला स्पोर्ट्स कार म्हटलं तर गावातली पोरं हसतील. पण हलकी आहे, जमिनीलगत बसवते, आणि डोक्यावर छप्पर नसलं की साठच्या वेगालाही शंभर वाटतात. बनल्या मात्र फार थोड्या, आणि तुमच्या खर्चाचं गणित बिघडवणारी हीच गोष्ट आहे.

ब्रिटनमध्ये एमजीबी नावाची अशीच जुनी खुली गाडी आहे. १९६२ ते १९८० या काळात, बंद छपराच्या धरून, पाच लाखांवर बनल्या. आज तिथे कुणी गंजून चाळण झालेली एमजीबी घेतली तरी तिचा लहानसा बोल्टसुद्धा कॅटलॉगमधून मागवता येतो, अख्खी नवी बॉडी मिळते. तिथला माणूस "स्वस्तात घेतली आणि हळूहळू बनवली" म्हणतो, ते या जोरावर. स्टॉर्मला मागे असं दुकान नाही. समोरची काच फुटली तर ती कुठल्या शोरूमला मिळणार? हूडचा, म्हणजे दुमडत्या कापडी छपराचा लोखंडी सांगाडा, दाराची रबरं, मागचे दिवे, डॅशबोर्ड, आरशांचे कप, यातलं जे आज गाडीवर नाही ते तुम्हाला दुसरी स्टॉर्म मोडल्याशिवाय मिळणार नाही, किंवा हातानं बनवून घ्यावं लागेल. थोड्या संख्येनं गाड्या बनवणारे कारखानदार बरेच भाग दुसऱ्या चालू गाड्यांचे उचलून लावतात. त्यामुळे काही दिवे, हँडलं, स्विच ओळखीच्या गाडीचे निघतीलही. ते आधी शोधा. प्रत्येक दिव्याच्या काचेवर बारीक अक्षरात नंबर असतो, त्याचे फोटो काढा आणि सांगली-मिरजेच्या स्पेअरवाल्याला दाखवा.

इंजिनाचं त्या मानानं सोपं आहे, फक्त एक गैरसमज काढून टाका. "रेनॉचंच आहे, लोगनचा माल बसेल" असं तुमचा गॅरेजवाला म्हणाला असेल तर तो चुकतोय. महिंद्रानं २००७ मध्ये आणलेल्या लोगनमध्ये पेट्रोल इंजिनं १.४ आणि १.६ ची होती, त्यांचं घराणं वेगळं. डी७एफ युरोपात ट्विंगो, क्लिओ, कांगू अशा खपाऊ गाड्यांत होतं, म्हणून त्याचा टायमिंग बेल्ट, गॅस्केटं, वॉटर पंप तिकडून कुरिअरनं येतात. कस्टम ड्यूटी भरा, पंधरा दिवस थांबा, येतात. क्रँक घासायचा, बोअर करायचं, एखादं ब्रॅकेट ओतून घ्यायचं तर कोल्हापूर तुम्हाला तासाभरावर आहे. शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात तुमच्या हातातला नमुना बघून ओतकाम करून देणारे लोक बसलेत. त्यामुळे इंजिन जाम झालेलं असलं तरी मी घाबरणार नाही. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जागेवर नसला तर मात्र घाबरेन. कुणीतरी काढून नेलेला असतो, आणि तो नसला तर इंजिन कितीही चांगलं बनवा, पेट्रोल किती आणि कधी फवारायचं हे त्याला सांगणारं कुणी उरत नाही. तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनचे, तुम्हाला हे जास्त सांगायला नको.

बघायला जाल तेव्हा पुतण्याला आधीच बजावून ठेवा की बॅटरी लावून सेल मारायचा नाही. आठ वर्षांचा वाळका टायमिंग बेल्ट आणि कोरडे बोअर घेऊन फिरवलेलं इंजिन तुमच्या डोळ्यांदेखत साठाचे लाख करेल. प्लग काढा, प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, चहा घेऊन या, आणि मग क्रँक पुलीवर पाना लावून हातानं फिरवा. सहज फिरलं तर देवाची कृपा. अडकलं तर ताकद लावू नका, किंमत कमी करा.

मग खाली शिरा. फायबर गंजत नाही हे ऐकून लोक खूश होतात आणि खालचा लोखंडी सांगाडा बघायचं विसरतात. गोव्याची खारी हवा, पावसाळे आणि पडवीतली ओल यांनी जे करायचं ते तिथे केलेलं असतं. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि जिथे जोड आहेत, जिथे सस्पेन्शन बांधलंय, जिथे पाणी साचू शकतं, तिथे टोचत जा. वरून काळा रंग ताजा असेल तर दोनदा टोचा. दाराच्या मागच्या बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडझाप करा. उचलल्यावर दार अडकायला लागलं किंवा फट तिरकी झाली तर सांगाड्यात दम उरलेला नाही. अशी गाडी फुकट दिली तरी सोडून या. खुल्या गाडीला छताचा आधार नसतो, सगळा भार तो सांगाडाच पेलतो, आणि शेजारी तुमची माणसं बसणार आहेत.

बॉडीवर नाणं टकटक करत फिरा. खणखणीत आवाज येता येता मध्येच भद्द वाजलं तर तिथे आतले थर सुटलेत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तिथे कधीतरी धक्का बसलाय. आणि हे काम तुमच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं नाही. तो पत्र्याचा माणूस. तो चिरेवर पुट्टी भरेल, वर सुंदर लाल मारेल, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती चीर रंगातून वर येईल. त्याचे सत्तर हजार मला म्हणूनच पटत नाहीत. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत बंदराबंदरावर आहेत. चीर घासून खोल करायची, आतून मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे, हे त्यांचं रोजचं काम. एवढ्या एका कारणासाठी गाडी काही दिवस गोव्यातच ठेवावी असंही मी म्हणेन. तुम्हाला सवड मिळणार गाळप संपल्यावर, आणि पुढे पाऊस सुरू झाला की दमट हवेत ना रेझिन नीट धरत, ना रंग. एप्रिल-मे साधावा लागेल.

पेट्रोलचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात तुमच्याच खात्याचा हात आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं ई२०. २००१ च्या गाडीच्या नळ्या, सील, ओ-रिंगा त्यासाठी बनलेल्या नाहीत. ती रबरं फुगतात, मऊ पडतात, गळतात. टाकीत आठ वर्षांचं शिळं पेट्रोल असेल, झाकण उघडल्यावर वार्निशसारखा उग्र वास येईल. ते उपसून टाकी आतून साफ करायची, पेट्रोल पंप बदलायचा आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची सगळी नळी ई२० ला चालणारी टाकायची. कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या मित्रांनी उसापासून काढलेलं इथेनॉल तुमच्याच गाडीची नळी खाणार, हा विनोद घरी सांगायला बरा आहे, पण गळकी नळी आणि गरम इंजिन म्हणजे आग.

तर तीन लाखांच्या त्या हिशोबात काय नाही ते बघा. ब्रेक नाहीत. आठ वर्षं उभ्या गाडीचे सिलिंडर, कॅलिपर, होजपाइप सगळे नवे किंवा उघडून बसवलेले लागतात, आणि चालू होण्याआधी थांबणं महत्त्वाचं. सस्पेन्शनची बुशं नाहीत. रेडिएटर नाही. हूडचं कापड नाही. सीटा नाहीत. वायरिंग नाही, आणि पडवीत उंदरांनी ते ठेवलं असेल असं मला वाटत नाही. ट्रकभाडं, आरटीओ, विमा यांची तर गोष्टच नाही. तुमच्या गॅरेजवाल्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं फोटोत दिसलं तेवढं सांगितलं. माझा अंदाज विचाराल तर गाडीच्या किमतीशिवाय साडेतीन ते चार लाख हातात असल्याशिवाय याला हात घालू नये, आणि वेळ दीड-दोन वर्षं. विकायला काढाल तेव्हा एवढे परत येतील या भरवशावर तर मुळीच घेऊ नका. चांगल्या अवस्थेतली चालती स्टॉर्म कधी बाजारात आली तर ती बहुतेक तुमच्या एकूण खर्चापेक्षा कमीत मिळेल.

आता घरचं. वहिनींचा प्रश्न तुम्ही पत्रात तक्रारीसारखा लिहिलाय, मला तो रास्त वाटतो. दोन सीटांच्या गाडीत सहा वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन जायचं नसतं, ना इस्लामपूरपर्यंत, ना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. म्हणजे ही गाडी तिघांची कधीच होणार नाही. रविवारी सकाळी तुम्ही आणि एकजण, एवढीच. हे त्यांना आधी सरळ सांगा. "बघू, मागे छोटी सीट करून घेऊ" असलं काही बोलू नका. खरं तर त्यांनी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता: ठेवणार कुठे? उघड्या गोठ्यात, उसाच्या पाचटाशेजारी ठेवलीत तर नव्या वायरिंगला उंदीर आणि कापडी हूडला पाऊस, दोन्ही पहिल्याच वर्षी भेटतील. चारही बाजूंनी बंद, सिमेंटची फरशी असलेली जागा असेल तरच पुढचं बोला.

आण्णांना भंगार वाटतंय यात त्यांची चूक नाही. पण त्यांना घेऊन जा गाडी बघायला. जुना माणूस दोन गोष्टी बघतो ज्या हौशी माणसाला दिसत नाहीत, आणि ओट्यावर बसून काकूंशी बोलता बोलता वारसांची सगळी कथा तेच काढून आणतील.

तुम्हाला नेमकं काय हवंय, हेही एकदा तपासा. वारा अंगावर घेत आंबोली चढायची असेल तर जुनी मारुती जिप्सी बघा. तीही उघडी, माल तालुक्याच्या गावी मिळतो, आणि पोरगी मागे बसते. तुम्हाला रात्री जेवण झाल्यावर तासभर पाना घेऊन एखाद्या गोष्टीशी झटायला आवडत असेल, गाडी चालली नाही तरी ते झटणं आवडत असेल, तर मात्र स्टॉर्म तुमच्यासाठी बरी. सेन्सर, वायरिंग, ईसीयू ही या गाडीतली सगळ्यात त्रासाची कामं, आणि ती तुम्ही कुठल्याही गॅरेजवाल्यापेक्षा चांगली कराल. तुमच्या पत्रात टायरची किंमत आहे, रंगाची आहे, पण तुम्ही स्वतः काय करणार याची एक ओळ नाही, म्हणून विचारलं.

माझं उत्तर: आज, फोटो बघून, सव्वा लाखाला नको. वारसाच्या नावावर गाडी झाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. नावावर झाली, सांगाडा स्क्रू ड्रायव्हरला पुरून उरला, आणि समोरची काच, हूडचा सांगाडा, सगळे दिवे, ईसीयू हे जागेवर असले, तर नव्वद हजारांपासून बोलायला सुरुवात करा आणि लाखावर थांबा. यातलं काहीही कमी असलं तर पुतण्याला नमस्कार करून मागे फिरा. त्याला दुसरं गिऱ्हाईक लवकर मिळेल असं नाही, आणि गाडी पडवीतून कुठे जात नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला फोन करून आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि गाडीखालचे चार. आरसीचे लगेच आले आणि खालचे आलेच नाहीत, तर का आले नाहीत ते तुम्हाला कळेल. दोन्ही आले तर मलाही पाठवा. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी नंबरही टिपायला सांगा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी सात-आठ वर्षं उभी आहे की पंधरा, ते त्यावरून उघड होईल.